‘काय हा अवतार!’ हे इंग्रजीत नेमकं कसं सांगायचं?

काही वर्षांपूर्वी मी एका मराठी कथेचा इंग्रजी अनुवाद करत होतो. कथेतली बाई घरात भांडण करून तडक बाहेर पडते आणि मुसळधार पावसात तासभर चालत मैत्रिणीच्या दारात येऊन उभी राहते. केस गालाला चिकटलेले, कपड्यांची टोकं चिखलाने बरबटलेली. मूळ लेखिकेने एवढंच लिहिलं होतं, ‘तिचा अवतार बघून मैत्रीण दचकलीच.’ मी शब्दकोश उघडला आणि त्यातला पहिला ओळखीचा शब्द उचलून तिला ‘शॅबी’ करून टाकलं. मसुदा वाचणाऱ्याने समासात एकच प्रश्न लिहिला होता : ही बाई गरीब आहे का?

बाई चांगली खातीपिती होती. फक्त भिजलेली होती. शब्द हवा होता ‘बिड्रॅगल्ड’.

बहुतेकांची गाडी इथेच अडते. मराठीत आपण अजागळ, गबाळा, कळकट, मळकट, गचाळ, ओंगळ, विस्कटलेला, चुरगळलेला, पिंजारलेला हे शब्द न अडखळता आणि अचूक वापरतो. चुरगळलेल्या सदऱ्याला कुणी कळकट म्हणत नाही आणि झोपेतून उठलेल्या लेकराला कुणी भणंग म्हणत नाही. इंग्रजीत गेलो की मात्र हा सगळा संसार ‘डर्टी’ आणि ‘अनटायडी’ या दोन गाठोड्यांत कोंबून मोकळे होतो. त्यात ‘डर्टी’ म्हणजे सरळसरळ घाण. नीट न विंचरलेल्या माणसाला ‘डर्टी’ म्हणणं म्हणजे त्याने आंघोळच केलेली नाही असं जाहीर करणं.

खाली पायऱ्या दिल्या आहेत. त्याच क्रमाने गेलात तर शब्द निवडताना चूक होण्याची शक्यता बरीच कमी होते. पहिल्या दोन पायऱ्यांवर वेळ घालवा, बाकीच्या भराभर होतात.

पायरी पहिली : आत्ता झालंय की नेहमीचंच आहे?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा, कारण इंग्रजी शब्दांची सरळ दोन घराणी याच प्रश्नावर पडतात. ती ओळखायची खूण शब्दाच्या शेपटीत आहे.

आपल्याकडे ‘विस्कटलेले’, ‘चुरगळलेला’, ‘पिंजारलेले’, ‘बरबटलेली’ हे शब्द बघा. ‘-लेला’ आला की काहीतरी घडून गेलंय हे कळतं. वाऱ्याने विस्कटले, पिशवीत चुरगळला. ‘मळकट’, ‘कळकट’, ‘गबाळा’, ‘अजागळ’ यांत मात्र घडलेलं काही नाही, तो त्या वस्तूचा किंवा माणसाचा गुणच झालाय.

इंग्रजीत नेमकं हेच काम शेवटचे ‘ड’ आणि ‘ई’ हे आवाज करतात. डिशेव्हल्ड, रंपल्ड, क्रम्पल्ड, टाउझल्ड, बिड्रॅगल्ड, मॅटेड, फ्रेड हे सगळे ‘-लेला’वाले. स्क्रफी, शॅबी, ग्रबी, टॅटी, स्लॉपी, मेंजी हे ‘-कट’वाले. पहिल्या घराण्यातला शब्द वापरलात तर वाचणारा मनात विचारतो, ‘काय झालं असेल?’ दुसऱ्यातला वापरलात तर तो म्हणतो, ‘असा आहे होय हा माणूस!’

नियमाला अपवाद आहेतच. ‘रॅगिड’ म्हणजे चिंध्या झालेला. त्याच्या शेवटी ‘ड’ असला तरी तो एका दिवसाचा अपघात नसतो. ‘अनकेम्प्ट’ दोन्ही घराण्यांत बसत नाही. आणि ‘मेसी’ दोन्हीकडे चालतो, म्हणून तो फारसं काही सांगतही नाही. तरीही अडलात तर शेपूट बघा. दहातल्या आठ वेळा ती खरं बोलते.

याचा व्यावहारिक फायदा मोठा आहे. मुलाखतीला आलेल्या उमेदवाराबद्दल तुम्ही वरिष्ठांना ‘ही लुक्ड डिशेव्हल्ड’ असं लिहिलंत तर त्याला संशयाचा फायदा मिळतो. प्रवासातून आला असेल, धावपळ झाली असेल. ‘ही लुक्ड स्क्रफी’ लिहिलंत तर तुम्ही त्याच्या सवयींवर शेरा मारलात.

पायरी दुसरी : कशामुळे झालं?

आता कारण शोधायचं. बरेचसे शब्द, विशेषतः पहिल्या घराण्यातले, आपापलं कारण पोटात घेऊन फिरतात, म्हणून ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

झोप किंवा वारा : केसांसाठी ‘टाउझल्ड’. यात प्रेम आहे. लहान मुलाच्या डोक्यावरून कुणी हात फिरवून केस विस्कटावेत, तशी छटा. मूळ क्रियापदाचा अर्थ होता धसमुसळेपणाने हाताळणं, आणि झटापटीसाठीचा ‘टसल’ त्याच्याच कुळातला. आज मात्र टाउझल्ड केस कुणालाही वाईट दिसत नाहीत. उलट तसे दिसावेत म्हणून लोक आरशासमोर वीस मिनिटं घालवतात. नुसत्या वाऱ्यासाठी ‘विंडस्वेप्ट’. उशीवर लोळून उभ्या राहिलेल्या केसांना बोलीत ‘बेडहेड’.

पाऊस, चिखल : ‘बिड्रॅगल्ड’. ओलं आणि मळलेलं, दोन्ही हवं. कोरड्या ठणठणीत माणसाला हा शब्द सहसा शोभत नाही. यात ओढत, फरपटत आल्याचा भाव आहे, म्हणून दमलेला आणि केविलवाणा अशीही छटा येते. पावसात भिजलेली मांजर हे याचं आदर्श उदाहरण.

दाबलं जाणं, बसणं, लोळणं : कपड्यांसाठी ‘रंपल्ड’ आणि ‘क्रम्पल्ड’. दोन्हीला आपण चुरगळलेलं म्हणतो, पण दोहोंत फरक आहे. कागद मुठीत चुरगाळून फेकतो तो ‘क्रम्पल्ड’, त्याला धारदार मोडी पडतात. रात्रभर अंगावरच्या शर्टातच झोपलात तर सकाळी तो ‘रंपल्ड’ होतो, मऊ आणि सैलावलेला. म्हणून रंपल्ड माणूस जरा आपलासा वाटतो. विसरभोळा प्राध्यापक नेहमी रंपल्ड कोटात असतो, क्रम्पल्ड कोटात नाही. इस्त्री मोडल्याच्या साध्या रेघांसाठी ब्रिटिश ‘क्रीज्ड’ म्हणतात, अमेरिकन ‘रिंकल्ड’.

घाई, झटापट, घबराट : ‘डिशेव्हल्ड’. केस आणि कपडे दोन्ही एकदम बिघडले असतील तेव्हा हा सगळ्यात सोयीचा. या शब्दाच्या पोटात जुन्या फ्रेंचमधला केसांसाठीचा शब्द आहे. सुरुवातीला त्याचा अर्थ फक्त मोकळे सुटलेले, न झाकलेले केस एवढाच होता. पुढे तो हळूहळू कपड्यांवर आणि मग अख्ख्या माणसावर पसरला. आज पूर्ण टक्कल पडलेला माणूसही खुशाल डिशेव्हल्ड असू शकतो.

निगा न राखणं : ‘अनकेम्प्ट’. शब्दशः अर्थ न विंचरलेला. विंचरण्यासाठीच्या एका जुन्या इंग्रजी क्रियापदाचं हे रूप. ते क्रियापद मेलं, त्याचा हा नकारार्थी नातू तेवढा उरला. एका सकाळी केस विंचरायचे राहिले तर माणूस अनकेम्प्ट होत नाही. आठवडे गेले पाहिजेत. म्हणून हा शब्द दाढीला, केसांना आणि गंमत म्हणजे बागेलाही लागतो. गवत माजलेली बाग अनकेम्प्ट असते. केसांचा पार गुंता होऊन जटा झाल्या असतील तर ‘मॅटेड’.

पैशांची चणचण किंवा नुसतं जुनेपण : ‘शॅबी’, ‘थ्रेडबेअर’, ‘डाउन ॲट हील’. इथे माणूस स्वच्छ असू शकतो, विंचरलेलाही असू शकतो. कपडा मात्र विटलाय. थ्रेडबेअर म्हणजे वरची लव झिजून आतले धागे दिसू लागलेलं कापड, आपण ज्याला विरलेलं म्हणतो ते. डाउन ॲट हील म्हणजे बुटाच्या टाचा झिजल्यात आणि नव्या घालायची ऐपत नाही. ‘शॅबी’च्या मुळाशी खपलीसाठीचा जुना शब्द आहे, म्हणून ‘शॅबी ट्रीटमेंट’ म्हणजे हलकट वागणूक. माझ्या त्या भिजलेल्या बाईवर मी नकळत किती काय लादलं होतं, ते नंतर कळलं.

पायरी तिसरी : नेमकं काय बिघडलंय?

हे कारणाइतकं अवघड नाही, पण जोड्या चुकल्या की वाक्य परकं वाटतं. टाउझल्ड सहसा केसच, फार तर डोकं. टाउझल्ड शर्ट नसतो. रंपल्ड म्हणजे कपडे, अंथरूण आणि ते कपडे घातलेला माणूस. मॅटेड म्हणजे केस आणि जनावराची लव. ‘फ्रेड’ म्हणजे कॉलर, बाही, कापडाची कड, जिथून दशा निघतात. स्क्रफी म्हणजे माणूस, कुत्रा, बूट, जीन्स, एखादा कॅफेसुद्धा. ग्रबी म्हणजे हात, नखं, कॉलर, पोरं. ‘ग्रबी’च्या मुळाशी उकरणं आहे, म्हणून मातीत खेळून आलेल्या मुलाला तो हुबेहूब बसतो आणि त्यात राग फारसा नसतो.

‘स्क्रफी’विषयी एक सांगायला हवं. डोक्यातल्या कोंड्यासाठी इंग्रजीत ‘स्कर्फ’ असा शब्द होता. त्यातल्या दोन ध्वनींनी जागा बदलल्या आणि ‘स्क्रफ’ झाला. आपण चिकटणेचं चिटकणे करतो, अगदी तसंच. म्हणजे स्क्रफी मूळचा कोंडा झालेला. आज हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं, आणि मित्राला थट्टेने स्क्रफी म्हटलं तर तो रागावत नाही.

दाढीसाठी वेगळे शब्द आहेत. एक-दोन दिवसांचे खुंट म्हणजे ‘स्टबल’. सकाळी घोटून केलेली दाढी संध्याकाळी काळसर सावलीसारखी दिसू लागते, ती ‘फाइव्ह ओक्लॉक शॅडो’. नुसतं ‘अनशेव्हन’ म्हटलं की दाढी केलेली नाही एवढीच माहिती मिळते, शेरा नाही. विरळ, इकडेतिकडे फुटलेली दाढी ‘स्क्रॅग्ली’.

पायरी चौथी : बोलणाऱ्याचा सूर

आता तराजू हातात घ्या. एकाच चुरगळलेल्या, विस्कटलेल्या माणसाबद्दल तुम्हाला काय वाटतं, त्यावर शब्द ठरतो.

माया असेल तर टाउझल्ड, रंपल्ड, झिपऱ्या कुत्र्याला शॅगी. तटस्थ राहायचं असेल तर डिशेव्हल्ड, अनशेव्हन, अनटायडी. डॉक्टरही हेच करतात. मानसिक आरोग्याच्या तपासणीत रुग्णाच्या दिसण्याची नोंद असते, तिथे ‘डिशेव्हल्ड’ आणि ‘अनकेम्प्ट’ हे शब्द नेहमी येतात, ‘स्क्रफी’ येत नाही. थोडी नाराजी दाखवायची असेल तर स्क्रफी, स्लॉपी. आणि चांगलंच फटकारायचं असेल तर ‘स्लव्हन्ली’. हा आपल्या ‘गचाळ’च्या जवळचा. यात आळस, बेपर्वाई आणि गलिच्छपणा तिन्ही येतात, आणि तो दिसण्याइतकाच कामाच्या पद्धतीलाही लागतो.

‘मेंजी’ तर शिवीच्या उंबरठ्यावर आहे. कुत्र्यांच्या खरजेवरून आलेला शब्द. लव झडलेल्या जनावराला किंवा जुन्या गालिच्याला म्हणा, माणसाला शक्यतो नको.

एक कोपरा मात्र जपून. ‘स्लॅटर्न’, ‘फ्रंप’, ‘ब्लाउझी’ आणि बहुतेक वेळा ‘फ्राउझी’, ‘डाउडी’ हे गबाळेपणाचे शब्द इंग्रजीने बायकांसाठीच राखून ठेवलेत. पुरुषासाठी त्यांची जोडी सापडत नाही. सापडतो तो ‘स्लॉब’, आणि त्यातही ‘असतात हो पुरुष असे’ अशी सूट दडलेली. इंग्रजीतल्या एका आजच्या गलिच्छ शिवीचाही मध्ययुगातला अर्थ घर न आवरणारी गबाळी बाई असाच होता, मग तो चारित्र्यावर घसरला. जुन्या कथेतलं पात्र तसं बोलत असेल तर हे शब्द त्याच्या तोंडी घाला. स्वतःच्या लिखाणात मी वापरत नाही. ‘डिशेव्हल्ड’ने काम भागतं.

पायरी पाचवी : उच्चार आणि व्याकरणातले खड्डे

‘डिशेव्हल्ड’ हा ‘डिस’ आणि ‘हेवल्ड’ असा तोडून वाचणारे खूप आहेत. मीही कॉलेजात भर वर्गात वाचला होता. एस आणि एच इथे मिळून ‘श’ होतात, जोर ‘शे’वर. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये दोन एल, अमेरिकनमध्ये एक. ‘स्लव्हन्ली’ लिहिताना ओ असतो, उच्चारात नाही. ‘टाउझल्ड’ला ‘टूसल्ड’ म्हणू नका. ‘रॅगिड’ दोन टप्प्यांत म्हणायचा, ‘रॅग्ड’ नाही. आणि ‘मेंजी’ला ‘मँगी’ म्हणालात तर ऐकणारा गोंधळेल.

स्लव्हन्लीच्या शेवटी ‘ली’ आहे म्हणून ते क्रियाविशेषण वाटतं, पण ते विशेषण आहे. ‘ही ड्रेस्ड स्लव्हन्ली’ असं लिहिण्यापेक्षा ‘ही ड्रेस्ड इन अ स्लव्हन्ली वे’ लिहावं.

दिसायला सारखे दोन शब्द नेहमी फसवतात. ‘रॅगिड’ म्हणजे फाटकातुटका. ‘रगिड’ म्हणजे रांगडा, दणकट, आणि ती बहुतेक वेळा स्तुती असते. तसंच ‘ग्रिझल्ड’ ऐकायला विस्कटलेलं वाटतं, पण त्याचा अर्थ करडे-पांढरे झालेले केस. ग्रिझल्ड माणूस अगदी चापूनचोपून विंचरलेला असू शकतो.

समुद्राच्या दोन बाजूंचाही फरक आहे. जुनाट, कडा झिजलेल्या वस्तूला ब्रिटिश माणूस ‘टॅटी’ म्हणतो, अमेरिकन ‘रॅटी’. पण ब्रिटनमध्ये माणसाला रॅटी म्हटलं तर त्याचा अर्थ चिडचिडा. ‘काय अवतार केलायस!’ यासाठी ब्रिटिश तोंडी ‘यू लुक अ मेस’ असतं, अमेरिकन माणूस मध्ये ‘लाइक’ घालतो.

पायरी सहावी : फॅशन आहे का, ते बघा

ही छोटी पायरी, पण विसरली तर फजिती. मुद्दाम गबाळं दिसणं ही आता एक शैली आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या सिॲटलच्या रॉक संगीतातून ‘ग्रंज’ आलं, ढगळ चौकड्यांचे शर्ट आणि फाटक्या जीन्स घेऊन. १९९२ मध्ये डिझायनर मार्क जेकब्सने पेरी एलिस या ब्रँडसाठी त्यावरून थेट महागड्या कपड्यांचा संग्रहच सादर केला. तेव्हा गुडघ्यावर फाटलेली जीन्स दिसली की लगेच रॅगिड लिहू नका. दुकानात तिला ‘रिप्ड’ किंवा ‘डिस्ट्रेस्ड’ म्हणतात. मुद्दाम रंग खरवडलेल्या लाकडी सामानासाठी तर ‘शॅबी-चिक’ असा शब्दच रूढ आहे. शॅबीला चिक जोडल्याबरोबर गरिबी नाहीशी होते, हे मला अजून नीट पचलेलं नाही.

पायरी सातवी : विशेषण खोडून बघा

शब्द सापडला, वाक्यात बसला. आता तोच खोडून त्याजागी एखादा बारकावा ठेवून बघा. समजा, रात्रभर बसमध्ये बसून एक माणूस सकाळी थेट मुलाखतीला आलाय. ‘ही लुक्ड डिशेव्हल्ड’ हे बरोबर आहे, पण चित्र उभं राहत नाही. त्याच्याकडे जवळून बघा. केस एका बाजूला खिडकीच्या काचेला टेकून चपटे झालेत, दुसरीकडे उभे. शर्ट निम्मा खोचलेला, निम्मा बाहेर. एक बटण चुकीच्या काजात गेल्यामुळे कॉलरची एक बाजू वर सरकलीय. बाहीवर बसच्या सीटच्या शिवणीची खूण. इंग्रजीत हे अवघड नाही : ‘हिज हेअर वॉज फ्लॅट ऑन वन साइड. हिज शर्ट वॉज हाफ अनटक्ड अँड बटन्ड अप रॉंग.’ दोनच वाक्यं, एकही अवघड शब्द नाही, आणि माणूस दारात उभा.

यासाठी चार-सहा साधे शब्द जवळ असू द्या. अनटक्ड म्हणजे न खोचलेला. अस्क्यू म्हणजे वाकडा झालेला टाय किंवा चष्मा. अनडन म्हणजे सुटलेलं बटण किंवा बुटाची नाडी. स्टेन्ड म्हणजे डाग पडलेला. बॅगी म्हणजे ढगळ.

विशेषण आणि बारकावा दोन्ही ठेवायचे असतील तर विशेषण आधी, बारकावा मागून. उलट केलं तर विशेषण फुकट जातं.

वाक्प्रचारांचं काय? दोन ठेवा, बोलण्यात कामाला येतात. ‘ही लुक्स अॅज इफ ही हॅज बीन ड्रॅग्ड थ्रू अ हेज बॅकवर्ड्स’, म्हणजे याला जणू काटेरी कुंपणातून उलटं ओढून काढलंय. हा ब्रिटिशांचा लाडका. दुसरा, ‘समथिंग द कॅट ड्रॅग्ड इन’, मांजराने तोंडात धरून घरात आणून टाकलेली वस्तू. दोन्ही जवळच्या माणसालाच म्हणायचे, आणि हसत. आणखी एक आहे, तो थट्टेचा नाही : ‘ही हॅज लेट हिमसेल्फ गो’. एकेकाळी नीटनेटका असलेला माणूस आता स्वतःकडे बघेनासा झालाय, असा त्याचा अर्थ. यामागे बहुतेक वेळा आजार, दुःख किंवा एकटेपणा असतो. समोरच्याला तोंडावर म्हणायचा शब्द नव्हे हा.

समोरच्याला सांगायचंच असेल तर विशेषण मुळीच नको. सहकाऱ्याची कॉलर आत दुमडलीय, शर्ट मागून बाहेर आलाय. तेव्हा ‘यू लुक अनटायडी’ म्हणणं शुद्ध उद्धटपणा. ‘युअर कॉलर इज टर्न्ड इन’ एवढंच हळूच सांगा, तो हात मानेकडे नेईल आणि आभार मानेल.

माझा तो मसुदा दुरुस्त करताना मी शेवटी काय केलं, ते सांगतो. ‘शॅबी’ खोडून ‘बिड्रॅगल्ड’ लिहिलं. दोन दिवसांनी तेही खोडलं. आता तिथे मैत्रीण दार उघडते, खाली बघते आणि म्हणते, ‘युअर शूज!’ पायपुसण्यावर पाण्याचं डबकं साचत असतं.